पायली बँकेचा नववा ठराव

१

शुक्रवारी सकाळी साडेदहा वाजता पायली बँकेच्या रेकॉर्ड खोलीतलं कपाट उघडलं, आणि आत जे असायला हवं होतं ते सोडून बाकी सगळं होतं. जुन्या पावत्यांचे गठ्ठे होते, झिजलेले शिक्के होते, कुठल्याशा समारंभात मिळालेली आणि कोणीच घरी न नेलेली शाल होती. नव्हती ती फक्त लाल कापडी बांधणीची एक वही. १९६२ सालची, सभांच्या इतिवृत्ताची पहिली वही.

“किल्ली कोणाकडं असती?” अध्यक्ष आबासाहेब गरुड यांनी विचारलं. उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. तरी सगळ्यांनी वळून राजेश्रीकडे बघितलं. राजेश्री रेकॉर्डची कारकून. नऊ वर्षं त्या खोलीची धूळ तिनेच झाडली होती. 

परभणीहून जिंतूरच्या रस्त्याला लागलं की शहर संपता संपता कोठारवाडी येते. एके काळी ती गावाबाहेरची वस्ती होती. जिनिंगमधले हमाल, रोजंदारीवर जाणाऱ्या बाया, खेड्यावरून पोटामागे आलेली माणसं तिथे राहायची. शहरातल्या कुठल्याही बँकेच्या पायरीवर त्यांना कोणी उभं करत नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःचीच बँक काढली. कागदोपत्री तिचं नाव श्रमसाफल्य नागरी सहकारी बँक. पण ते नाव फक्त पाटीला आणि पासबुकाला माहीत. पहिल्या सभासदांकडे रोकड नव्हती, त्यांनी शेअर म्हणून पायली पायली ज्वारी आणून ओतली, तेव्हापासून लोक म्हणतात पायली बँक. शिवरुद्र अप्पा नावाच्या व्यापाऱ्याने जागा दिली आणि सभासदांनी दोन वर्षं स्वतः दगड वाहून काळ्या पाषाणाची, रुंद ओसरीची इमारत उभी केली.

आणि आता त्याच शिवरुद्र अप्पांचा पणतू शिवप्रकाश हातात एक पिवळट कागद घेऊन रेकॉर्ड खोलीच्या दारात उभा होता. हार्डवेअरचं दुकान, पायात पांढरे बूट, कपाळाला विभूतीची बारीक रेघ. चार दिवसांपूर्वी कोणीतरी हा कागद त्याच्या दुकानाच्या शटरखालून आत सरकवला होता.

बँकेचा इतिहास लिहायचं काम ज्यांच्याकडे होतं त्या सत्यशीलाबाई जोगदंड यांनी तो कागद घेतला, चष्मा नाकावर सरकवला आणि मोठ्याने वाचला.

‘चिटणीस यांस. तीर्थरूपांच्या सावडण्यामुळे मी परवाच्या सभेस हजर राहू शकलो नाही. माझ्या माघारी ठराव क्रमांक ९ करून माझी जागा बँकेस कायमची दिली असे लिहिले, ते मला मान्य नाही. जागा साठ वर्षे वापरावी व पुढे माझ्या वारसांस परत करावी. शिवरुद्र.’

साठ वर्षं तर कधीच उलटली होती. सरकारी दप्तरी जागेवर अजून शिवरुद्र अप्पांचंच नाव होतं. ते बदलून घ्यायचं इतक्या वर्षांत कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. जागा बँकेची आहे हे सांगणारा जगात एकच कागद होता, त्या लाल वहीतला ठराव आणि त्याखालची अप्पांची सही.

“वही असती तर काही प्रश्नच नव्हता,” आबासाहेब जड आवाजात म्हणाले. “रविवारी सर्वसाधारण सभा हाय. तवर न्हाई निघाली, तर इमारत सोडायचा ठराव मलाच मांडावा लागंल. कोर्टकचेरीत बँक बुडवायची का? बायपासला आपलं कॉम्प्लेक्स तयार हाय. खालचे गाळे बँकेला भाड्यानं देतो मी. लोकांनी काळजी करू नये.”

सत्यशीलाबाईंनी भिंतीला हात लावला. ह्या भिंतीसाठी त्यांच्या आईने दगड वाहिले होते, तेव्हा त्या चार वर्षांच्या होत्या आणि आईच्या पदराला धरून मागेमागे चालायच्या. इमारत बँकेच्या हातून गेली की ही भिंत पाडून तिथे दुकानं उभी राहणार, हे सांगायला कोणी नको होतं. हातात फक्त दोन दिवस होते.

२

सत्यशीलाबाई पोलीस नव्हत्या, वकील नव्हत्या. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या मराठीच्या शिक्षिका होत्या. छत्तीस वर्षं त्यांनी वह्या तपासल्या होत्या आणि अर्ध्या कोठारवाडीचे कान उपटले होते. निवृत्तीनंतर बँकेच्या हीरक महोत्सवाची स्मरणिका त्यांच्या गळ्यात पडली. महोत्सव होऊन गेला, हारतुरे झाले, मांडववाल्यानेही मांडव नेला, स्मरणिका मात्र अजून निघायची होती. ह्याबद्दल लोक बाईंना टोमणे मारत आणि बाई ‘इतिहास काय पळून जायलाय का’ असं म्हणून वेळ मारून नेत. आता खरंच पळाला होता.

पत्र वाचायच्या आधीच खोलीबाहेर पडलेली राजेश्री ओसरीच्या खांबाला टेकून रडत होती.

“रडणं बंद कर आधी,” बाई म्हणाल्या. “किल्ली कुठं असती ते सांग.”

“माझ्या टेबलाच्या खणात. खण उघडाच असतो, बाई. कोणी साहेब आले, कोणी डायरेक्टर आले, ‘किल्ली दे गं’ म्हणले की देते मी. नऊ वर्षांत कधी कुणाला विचारलं न्हाई की कशाला पाहिजे.”

“म्हणजे बँकेतला कोणीपण उघडू शकतो.”

“कोणीपण. पण बोट माझ्याकडंच दाखवायलेत सगळे.” तिने ओढणीने डोळे पुसले. “मी कशाला चोरीन ती वही? पान न पान पाठ हाय मला. तुमचा लेख टाइपिंगला आला तवा मीच न्हाई का चूक काढली तुमची? एकाचा नऊ वाचला होता तुमी.”

“व्हय गं बाई, तू हुशार,” सत्यशीलाबाई कसनुसं हसल्या. शिक्षकाला स्वतःची चूक आठवून दिलेली कधीच आवडत नाही. “बरं, वही शेवटची कधी बघितली?”

“मागच्या आठवड्यात. मंगळवारी. बन्सीधरकाका आले होते. तास-दीड तास खोलीत बसले. जाताना पिशवी लय जड होती त्यांची.”

३

बन्सीधरकाका म्हणजे बँकेचे निवृत्त मॅनेजर. जुने कागद गोळा करायचा त्यांना नाद. निजामाच्या काळातले स्टॅम्प, सिनेमाची पत्रकं, लग्नपत्रिका, काहीही. घरात बसायला जागा नाही, कागदाला आहे. आणि बँकेवर त्यांचा राग होता हेही जगजाहीर होतं. महोत्सवात त्यांना दुसऱ्या रांगेत बसवलं होतं.

सत्यशीलाबाई गेल्या तेव्हा ते दारातच आडवे उभे राहिले.

“या. पिशवी बघायला आल्या असाल.”

“दाखवली तर बघते.”

त्यांनी खरोखरच पिशवी आणून जमिनीवर उलटी केली. आतून जुनी कॅलेंडरं निघाली, एकवीस. बँकेने छापलेली, दर वर्षाचं एक, गठ्ठ्यातून जादाची तेवढी काढून घेतलेली. लाल वही नव्हती.

“ती वही चोरायची मला काय गरज?” काका म्हणाले. “तीस वर्षं सांभाळली मी ती. वाळवी लागली तवा माझ्या घरच्या कडुनिंबाचा पाला घातला. बरं, ते पत्र कसलं म्हणतात, ते तरी दाखवा.”

बाईंनी मोबाईलवर काढलेला फोटो पुढे धरला. काकांनी तो दूर धरून वाचला, जवळ धरून वाचला, आणि एकाएकी खो-खो हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला.

“काय झालं?”

“ज्यानं हे लिवलंय ना बाई, त्यानं ती वही जन्मात उघडून बघितलेली न्हाई.”

“कशावरून?”

काकांचं हसू थांबलं आणि जुना राग चेहऱ्यावर परत आला. “तुमच्या स्मरणिकेत सगळे अध्यक्ष हायेत म्हणे. सगळे डायरेक्टर हायेत. वॉचमन सूर्यभानचं पण नाव हाय, ऐकलं मी. आणि तीस वर्षं मॅनेजर असलेला बन्सीधर कुटं हाय? लेख तर सोडा, कच्चा कागदसुद्धा दाखवला न्हाई कुणी मला. तुमी लय शिकलेल्या. तुमीच शोधा कशावरून.”

आणि त्यांनी दार लावून घेतलं.

बाई रस्त्यावर उभ्या राहिल्या. राग आला, पण तो स्वतःचाच. माणूस बरोबर बोलत होता. तीस वर्षांच्या मॅनेजरला त्या साफ विसरल्या होत्या. पण एक गोष्ट ह्या भांडणातून हाती लागली होती. पत्र लिहिणाऱ्याने वही बघितली नव्हती. मग सभा झाल्याचं, त्या सुमारास अप्पांचे वडील वारल्याचं आणि ठरावाचा क्रमांक, हे सगळं त्याला सांगितलं कोणी?

४

शनिवारी सकाळी त्या शिवप्रकाशच्या घरी गेल्या. कोठारवाडीत एव्हाना निकाल लागूनच गेला होता. ज्याचा फायदा त्यानेच पत्र लिहिलं, चहाच्या टपरीवरची पोरंही हेच म्हणत होती. शिवप्रकाशच्या दुकानाकडे आदल्या दिवसापासून एक गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं.

“मला सापडलं ते मी नेऊन दाखवलं,” तो चिडून म्हणाला. “लपवलं असतं तरी चोर, दाखवलं तरी चोर. मी काय करावं? जागा आमची निघाली तर मी न्हाई म्हणणार न्हाई, खोटं कशाला बोलू. पण मी काही लिवलेलं न्हाई.”

“पत्र नीट वाचलंस का तू?”

“वाचलं की. वकिलाला पण दाखवलं. तो म्हणला, वही नसंल तर जोर आपल्याकडं हाय.”

आतल्या खोलीतून काठी आपटल्याचा आवाज आला. त्याची आजी गंगम्मा, शिवरुद्र अप्पांची सून. ब्याऐंशी वर्षांची, डोळ्यांत मोतीबिंदू, गळ्यात चांदीच्या करंड्यातलं लिंग, आणि आवाज असा की अंगणातली मांजरं पळावीत.

“कोण आलंय रे? जोगदंडबाई का? शरणार्थ. आत या. हा पोरगा दोन दिवस काय कागद कागद करायलाय, मला कोणी वाचून दाखवंना. अप्पांचा कागद म्हणतात. मला त्यांचा शब्द न् शब्द कळतो, वाचा तुमी.”

सत्यशीलाबाई बाजेच्या कडेला बसल्या आणि वर्गात वाचत तसं, एक एक शब्द सुटा करून वाचायला लागल्या. “चिटणीस यांस. तीर्थरूपांच्या सावडण्यामुळे मी...”

“थांबा.” म्हातारीची काठी उचललेलीच राहिली. “कशामुळं?”

“सावडण्यामुळे. वडिलांच्या.”

गंगम्माने काठी खाली टेकवली. मग तिने नातवाला हाक मारली. “शिव्या, इकडं ये. सावडणं म्हणजे काय रे?”

शिवप्रकाश दारात आला. “म्हणजे... आवरणं. घरातलं आवरासावर असंल काहीतरी. वडील गेल्यावर असतं की काम.”

“बघा,” गंगम्मा बाईंना म्हणाली. “चाळीस वर्षांचा झाला, ह्याला ठाऊक न्हाई. का ठाऊक न्हाई? आमच्या घरात हा शब्दच कधी निघाला न्हाई. तुमच्यात तिसऱ्या दिवशी राख सावडतात, अस्थी गोळा करतात, गंगाखेडला नेतात. आमच्यात कुटली राख आन कुटल्या अस्थी? आमी जाळत न्हाई, बाई. खड्डा काढून मातीत बसवतो. माझ्या आजेसासऱ्याला बोरीच्या शेतात बसवलंय, चौथरा अजून हाय. त्या वर्षी मी नवी नवरी होते. सगळं डोळ्यापुढं हाय माझ्या.”

सत्यशीलाबाईंच्या हातातला मोबाईल तसाच राहिला. शुक्रवारपासून त्यांनी ते पत्र दहा वेळा वाचलं होतं आणि दहाही वेळा त्या शब्दावरून सरळ पुढे गेल्या होत्या. त्यांच्या स्वतःच्या घरात दर मयतीला सावडणं होतं. तो शब्द त्यांना खटकणार तरी कसा? आणि पत्र लिहिणाऱ्यालाही तो तसाच, न खटकता, सुचला होता.

“आणखी ऐका,” गंगम्मा म्हणाली. “आमच्यात सुतक पाळत न्हाईत. मामंजी वडलांना बसवून आले, तिसऱ्या दिवशी धोतर बदललं, विभूती लावली आन सभेला गेले. मी म्हणलं, मामंजी, आज राहू द्या की. म्हणले, ‘शब्द दिलाय, सही करायची हाय.’ माझ्यासमोर गेले.”

शिवप्रकाश खाली बसला.  “म्हणजे माझ्या पणज्याच्या नावानं कोणीतरी खोटं लिवलं,” तो हळू म्हणाला. “आन मी ते घेऊन गावभर हिंडलो.”

पत्र खोटं होतं, आणि लिंगायताच्या हातचं नव्हतं. शिवप्रकाश सुटला. पण लिहिलं कोणी? बाई उठल्या तेव्हा गंगम्माने त्यांचा हात घट्ट धरला. “उद्या सभेला मी येणार. माझ्या सासऱ्याला कोण सावडतंय ते बघायचंय मला.”

५

रविवारी पहाटे उठून बाईंनी सगळे कागद पलंगावर मांडले. पत्राची नक्कल, स्मरणिकेचा हाताने लिहिलेला मसुदा, टिपणं. चहा दोनदा उकळून उतू गेला.

ज्याने पत्र लिहिलं त्याने वही बघितली नाही. तरी त्याला सभा माहीत होती, अप्पांच्या वडिलांचं जाणं माहीत होतं. बाईंनी मसुदा चाळला. पाचव्या पानावर त्यांनीच मोठ्या कौतुकाने लिहिलं होतं, ‘वडील जाऊन तीन दिवस झाले होते, तरी शिवरुद्र अप्पा सभेला आले.’ तीन दिवस. सावडण्याचा दिवस. कोणीतरी त्यांचंच वाक्य घेऊन उलटं केलं होतं.

आणि त्याच्या खालची ओळ होती, ‘जागेचा ठराव क्रमांक ९ एकमताने मंजूर झाला.’ त्यातला ९ लाल पेनने खोडून वर १ केलेला होता.

बाईंनी त्या आकड्यावर बोट ठेवलं. जुन्या चिटणिसाची एकचा आकडा काढायची तऱ्हा न्यारी होती, वर भलामोठा गोल आणि खाली लांब शेपूट. त्यांनी तो नऊ वाचला होता. राजेश्री हसून म्हणाली होती, ‘बाई, पहिल्या सभेत नववा ठराव कुठून येईल? त्या दिवशी सगळे मिळून ठराव झाले चार.’ पत्रातही नऊच होता. बन्सीधरकाका हसले ते ह्यालाच. आणि बाईंना तो नऊ खटकला नाही, कारण तो त्यांच्याच हातचा होता. आपली चूक आपल्याला ओळखीची वाटते, चुकीची वाटत नाही.

छत्तीस वर्षं त्या वर्गात हेच सांगत आल्या होत्या. दोन पोरांचं बरोबर उत्तर सारखं निघालं तर त्यात नवल नाही. दोघांची चूक सारखी निघाली, की एकाने दुसऱ्याची वही बघितलेली असते.

आता एकच प्रश्न उरला. त्यांची वही कोणी बघितली? मूळ मसुदा राजेश्रीकडे टाइपिंगला गेला. चूक तिनेच पकडली, ती तीच चूक पुन्हा करणार नाही. बन्सीधरकाकांना कोणी कच्चा कागदही दाखवला नव्हता, तेच तर त्यांचं रडगाणं होतं. पण राजेश्रीकडे देण्याच्या आधी, लाल पेन लागायच्या आधी, बाईंनी मसुद्याची एक झेरॉक्स काढून एका माणसाला दिली होती. एकच झेरॉक्स. एकच माणूस.

बाईंनी मोबाईल उचलला, काकांना फोन लावला आणि पहिल्यांदा माफी मागितली. मग त्यांना सभेला या म्हणाल्या.

६

इमारतीसमोर मांडव पडला होता आणि त्यात मुंगी शिरायला जागा नव्हती. एरवी सर्वसाधारण सभेला नाश्त्यापुरते लोक येतात. आज लेकुरवाळ्या बाया आल्या होत्या, काठी टेकत म्हातारे आले होते. पोरं ओसरीच्या कठड्यावर बसली होती. 

आबासाहेबांनी माइक हातात घेतला. “वही काही सापडली न्हाई. मला बोलायला लय जड जायलंय. पण बँक वाचवायची तर इमारत...”

“अध्यक्ष, पाच मिनिटं,” सत्यशीलाबाई उठल्या. माइक कोणी दिला नाही आणि त्यांना लागलाही नाही. “आधी गंगम्मा बोलतील.”

शिवप्रकाशने आजीला धरून उभं केलं. गंगम्माने दोनच वाक्यं सांगितली. “आमच्यात सावडत न्हाईत. मामंजी सभेला गेले होते, मी बघितलंय.” मांडवातले लिंगायत म्हातारे एकदम माना हलवायला लागले. बाकीच्यांना समजायला थोडा वेळ लागला, मग कुजबुज मागच्या रांगेपर्यंत गेली.

“म्हणजे पत्र खोटं,” आबासाहेब सावरून म्हणाले. “ठीक हाय. पण वही तर न्हाईच ना? पत्र खोटं असलं म्हणून जागा आपली होती का?”

“न्हाई होत. म्हणून वही पाहिजे,” बाई म्हणाल्या. “बन्सीधरकाका, पहिल्या सभेत ठराव किती झाले?”

काका आज पहिल्या रांगेत होते. ते उभे राहिले, गळा साफ केला आणि न अडखळता म्हणाले, “चार. पहिला जागेचा, दुसरा नावाचा, तिसरा पायलीचा, चौथा अप्पांच्या वडलांच्या दुखवट्याचा. मग चहा झाला.”

“राजेश्री?”

“चारच, बाई,” राजेश्री म्हणाली. 

“आणि ह्या पत्रात ठराव नववा हाय. हा नऊ जगात फक्त एका ठिकाणी होता. माझ्या कच्च्या मसुद्यात. माझी चूक होती ती.” बाईंनी कागद वर धरला. “त्याची झेरॉक्स मी एकाच माणसाला दिली. अध्यक्षांचं मनोगत लिहायचं होतं, म्हणून अध्यक्षांना. आबा, तो कागद तुमच्या हातून आणखी कुणाकडं गेला असंल तर नाव सांगा. मी इथंच तुमची माफी मागते.”

आबासाहेबांनी माइक दांड्यावर अडकवला. मांडवात कोणीतरी बायपासचं कॉम्प्लेक्स म्हणालं. दुसरं कोणी खालचे गाळे म्हणालं. ज्याला जे कळायचं ते कळून चुकलं.

“चौथीत माझ्या वर्गात तुम्ही आदिनाथच्या पाटीवरून गणित उतरवायचात,” बाई म्हणाल्या. आवाजात राग होता, पण त्याच्या खाली वर्गातली जुनी ओळखही होती. “तेव्हाही त्याच्या चुकीसकट उतरवायचात. आता वही कुठं हाय ते सांगा. तुम्ही ती जाळली नसणार. दर भाषणात सांगता, माझा बाप अंगठेबहाद्दर होता पण ह्या बँकेचा संस्थापक होता. त्या अंगठ्याचा ठसा दुसरीकडं कुठंच न्हाई.”

 आबासाहेबांनी खिशातून गाडीची किल्ली काढली आणि ओसरीवर उभ्या असलेल्या वॉचमन सूर्यभानकडे टाकली. “डिकीत. पोत्याखाली.” आणि कोणाकडेही न बघता म्हणाले, “तीनदा काडी ओढली, बाई. बापाच्या अंगठ्यावर हात चालला न्हाई.”

सूर्यभानने वही दोन्ही हातांवर आडवी धरून आणली, लेकराला आणावं तशी. मांडव उभा राहिला. कोणी टाळी वाजवली, कोणी शिट्टी, बाहेर कोपऱ्यावर हलगीवाला बसला होता त्याने कारण न विचारताच हलगी कडाडवली. राजेश्री वहीला कवटाळून रडली आणि ह्या वेळी तिला रडू नको असं बाईंनीही म्हटलं नाही. शिवप्रकाशने माइक घेतला. पणज्याने शब्द दिला होता, कागद करायचा राहून गेला, तो उद्या सकाळी आपण जाऊन करून देतो, एवढंच तो बोलला. त्याच्या दुकानाशेजारचा बालाजी, जो शुक्रवारपासून त्याच्याकडे बघत नव्हता, त्याने त्याला मिठी मारली. आबासाहेब खुर्चीवरून उठून ओसरीच्या शेवटच्या पायरीवर जाऊन बसले. त्यांना कोणी हाकललं नाही आणि परत या असंही कोणी म्हटलं नाही. सभेने काकांना अध्यक्षस्थानी बसवलं.

“बाई, वाचा,” मागून माऊली पाथरवट ओरडला. “सगळं वाचा. आमच्या म्हाताऱ्यांची नावं वाचा.”

सत्यशीलाबाईंनी पहिलं पान उघडलं. कडुनिंबाचा वास आला. ठराव पहिला, जागेचा, त्याखाली शिवरुद्र अप्पांची वळणदार सही. त्यांनी ती दोन्ही हातांनी उंच धरून सगळ्यांना दाखवली आणि मग हजेरी वाचायला सुरुवात केली. पहिलं नाव माऊलीच्या आजोबांचं होतं. माऊली उठून उभा राहिला आणि सवयीने म्हणाला, “हजर.”

लोक हसले. पण दुसरं नाव आलं तेव्हा दुसरा उठला. तिसऱ्या नावाला एक नातसून उठली, डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाली, हजर. पुढे कोणी हसलं नाही. नावं येत गेली, माणसं उभी राहत गेली. बाईंच्या आईचं नाव आलं तेव्हा त्यांनी ते वाचलं, थांबल्या आणि स्वतःच म्हणाल्या, “हजर.” इतका आनंद त्यांना आयुष्यात फार थोड्या वेळा झाला होता, आणि तो लपवायची त्यांना गरज वाटली नाही.

“ग्यानोजी सखाराम गरुड. निशाणी डावा अंगठा.”

कोणी उठलं नाही. सगळ्या माना ओसरीच्या पायरीकडे वळल्या. आबासाहेब खाली बघत बसले होते. बाई थांबल्या. छत्तीस वर्षांत एकही नाव त्यांनी उत्तर मिळाल्याशिवाय सोडलं नव्हतं. अखेर ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि काहीतरी पुटपुटले.

“ऐकू आलं न्हाई,” बाई म्हणाल्या.

“हजर,” आबासाहेब मोठ्याने म्हणाले.

बाईंनी पान उलटलं. अजून सव्वीस नावं होती, आणि जेवायची वेळ टळून गेली तरी शेवटचं नाव वाचून होईपर्यंत मांडवातलं कोणी घरी गेलं नाही.